स्थिर आकार: वीज न जाळताही बिल का येते?

घराघरांत दरमहा न चुकता येणाऱ्या कागदांमध्ये वीज बिलाचा क्रमांक पहिला लागतो. ते हाती पडले की आपली नजर प्रथम जाते ती भरावयाच्या रकमेवर आणि नंतर भरण्याच्या अंतिम तारखेवर. मधल्या रकान्यांकडे लक्ष देण्यास फारशी कोणाला सवड नसते. ज्यांच्या घरी वीज फारच थोडी वापरली जाते, त्यांना मात्र त्या रकान्यांकडे वळावेच लागते. मुले परदेशी किंवा शहरात स्थायिक झालेली आहेत, घरात एकटी वृद्ध आई राहते, संध्याकाळी एक दिवा आणि उन्हाळ्यात एक पंखा एवढाच तिचा वापर; तरीही बिल दोनशे रुपयांच्या घरात येते. वर्षातून केवळ मे महिन्यात आणि नाताळात उघडणाऱ्या घरांची स्थिती याहूनही वेगळी. तेथे मीटरचा आकडा हलत नाही आणि बिल मात्र येतच राहते. साहजिकच प्रश्न विचारला जातो: ‘आम्ही वीज वापरलीच नाही, मग पैसे कशाचे?’

या प्रश्नाचे उत्तर बिलातील एका लहानशा ओळीत आहे. ती ओळ ‘स्थिर आकार’ या नावाने छापलेली असते. हा आकार म्हणजे काय, तो कोण ठरवतो, त्यामागील कारण कितपत रास्त आहे आणि तो अल्प वापर करणाऱ्यांवरच अधिक भारी का पडतो, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. अनेकांचा असा समज असतो की ही वीज कंपनीने चालवलेली लबाडी आहे. तसे नाही. परंतु ती कायदेशीर आहे एवढ्याने ती सर्वांना सारखीच न्याय्य ठरते, असेही नाही. या दोन गोष्टींमधील अंतर समजून घेणे अगत्याचे आहे.

बिलातील पाच ओळी

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांना महावितरणची वीज मिळते. पूर्वीच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाले आणि निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी वेगवेगळ्या कंपन्या अस्तित्वात आल्या. महावितरण ही त्यांतील वितरण कंपनी होय. तिच्या घरगुती बिलात मुख्यतः पाच रकमा असतात.

पहिली, स्थिर आकार. ही दरमहा ठरलेली रक्कम असून वापराशी तिचा संबंध नसतो. दुसरी, वीज आकार. आपण जेवढी युनिट वापरली तेवढ्यांचे हे मोल असते आणि त्याचे टप्पे पाडलेले असतात: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग आणि त्यापुढील आणखी महाग. तिसरी, वहन आकार. वीज आपल्या दारापर्यंत वाहून आणणाऱ्या वितरण जाळ्याचा हा खर्च असून तोही युनिटमागे घेतला जातो. चौथी, इंधन समायोजन आकार. कोळसा आणि बाहेरून घेतलेली वीज यांच्या किमतीतील चढउतारानुसार तो कमीजास्त होतो, कधी शून्यही असतो. पाचवी, वीज शुल्क. हा राज्य शासनाचा कर आहे. घरगुती ग्राहकांना तो १६ टक्के या दराने लागतो आणि तो स्थिर आकारावरही आकारला जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पुष्कळांना वाटते की स्थिर आकार म्हणजे खांब आणि तारांचे भाडे. पण आपल्या राज्यात तारांचा खर्च बव्हंशी वहन आकारातून वसूल होतो. मग स्थिर आकार कशासाठी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या कल्पनेचा उगम

वीज व्यवसाय बाल्यावस्थेत असतानाच हा प्रश्न उपस्थित झाला होता. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली दिलेल्या एका व्याख्यानात विजेच्या खर्चाचे दोन भाग करून दाखवले. एक भाग जळणाऱ्या कोळशाचा. वीज कमी लागली तर तो कमी होतो. दुसरा भाग यंत्रसामग्रीचा, इमारतींचा आणि सदैव सज्ज राहण्याचा; वीज कोणी वापरो अथवा न वापरो, तो थांबत नाही. ग्राहकाने कोणत्याही क्षणी कळ दाबली की दिवा लागला पाहिजे. त्या सज्जतेचे मोल वेगळे आणि प्रत्यक्ष विजेचे मोल वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन भागांच्या दराची ही कल्पना पुढे जगभर रूढ झाली.

आपल्याकडे वितरण कंपनी स्वतः ज्या दराने वीज विकत घेते, तोही बहुधा दोन भागांचा असतो. वीज केंद्राशी दीर्घ मुदतीचा करार झाला की त्या केंद्राच्या उभारणीचा खर्च, कर्जावरील व्याज आणि देखभाल यांपोटी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी लागते. केंद्र वीज देण्यास सज्ज असेल, तर कंपनीने वीज कमी उचलली म्हणून ती रक्कम कमी होत नाही. याशिवाय कर्मचाऱ्यांचे वेतन, मीटरचे वाचन, बिलांची छपाई व वाटप आणि रोहित्रांची दुरुस्ती हे खर्च आहेतच. कंपनीच्या खर्चाचा मोठा हिस्सा असा स्थिर असताना घरगुती बिलांतून तिचे उत्पन्न मात्र मुख्यतः युनिटवर अवलंबून असते. हे अंतर कमी करण्यासाठी स्थिर आकार वाढवण्याची मागणी वितरण कंपन्या वेळोवेळी करीत असतात.

कायद्याचा आधारही स्पष्ट आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ४५ नुसार प्रत्यक्ष पुरवलेल्या विजेच्या मोलाव्यतिरिक्त स्थिर आकार घेण्याची मुभा वितरण परवानाधारकाला आहे. मात्र तो किती असावा हे कंपनी स्वतः ठरवू शकत नाही. महाराष्ट्रात तो अधिकार १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आहे. गोव्यात वीज खाते शासनाचे असले, तरी तेथील दर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो.

आकडे काय सांगतात?

महावितरणच्या सिंगल फेज घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार २०२०-२१ मध्ये दरमहा १०० रुपये होता. २०२३-२४ मध्ये तो ११६ रुपये झाला आणि २०२४-२५ मध्ये १२८ रुपये. दर वेळोवेळी बदलत असल्याने आजचा आकडा वाचकांनी आपल्या हातातील बिलावरूनच घ्यावा. हिशोब समजण्यासाठी आम्ही येथे २०२४-२५ चे दर घेतले आहेत. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांसाठी १० रुपये २९ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे होता. इंधन समायोजन आकार बदलता असल्याने तो आम्ही हिशोबातून वगळला आहे.

प्रथम बंद घर घेऊ. वापर शून्य. स्थिर आकार १२८ रुपये आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क २० रुपये ४८ पैसे, एकूण १४८ रुपये ४८ पैसे. वर्षभरात ही रक्कम १,७८० रुपयांच्या पुढे जाते.

आता एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचे घर घेऊ. वापर महिन्याला १० युनिट. स्थिर आकार १२८, वीज आकार ४७ रुपये १० पैसे, वहन आकार ११ रुपये ७० पैसे आणि वीज शुल्क धरून एकूण सुमारे २१७ रुपये. म्हणजे एका युनिटला जवळजवळ २१ रुपये ६७ पैसे पडले. वापर २० युनिट असेल तर बिल २८५ रुपयांच्या आसपास आणि युनिटचा भाव सुमारे १४ रुपये २५ पैसे.

१०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचे बिल सुमारे ८३१ रुपये होते. युनिटचा भाव ८ रुपये ३१ पैसे. आणि ३०० युनिट वापरणाऱ्या, फ्रिज, गिझर, कदाचित वातानुकूलन यंत्रही असलेल्या घराचे बिल सुमारे ३,४८९ रुपये. युनिटचा भाव ११ रुपये ६३ पैसे.

हे आकडे शांतपणे पाहावेत. अधिक वापरणाऱ्याला चढा दर लावण्याचे टप्प्यांचे धोरण १०० युनिटांच्या वर नीट काम करते. परंतु १०० युनिटांच्या खाली चित्र उलटे होते. वापर जितका कमी, तितके युनिट महाग. सर्वांत कमी वीज जाळणाऱ्या आजीबाई प्रत्येक युनिटसाठी ३०० युनिट वापरणाऱ्या घराच्या जवळजवळ दुप्पट मोल देतात. शुल्कापूर्वीच्या त्यांच्या बिलात स्थिर आकाराचा वाटा ६८ टक्क्यांहून अधिक आहे. ३०० युनिटांच्या बिलात तो चार टक्क्यांच्या थोडा वर आहे.

याचा आणखी एक परिणाम असा की काटकसरीचे फळ मिळत नाही. आजीबाईंनी आपला वापर अर्ध्यावर आणला, दहाऐवजी पाच युनिटच वापरली, तर त्यांचे बिल केवळ ३४ रुपयांनी कमी होईल. वीज वाचवा असे आपण शाळेपासून शिकवतो. पण ज्याच्यापाशी वाचवण्यासारखे फारसे उरलेलेच नाही, त्याला बिल कमी करण्याचा मार्गच राहत नाही.

ओझे वाटण्याचा प्रश्न

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. स्थिर आकार रद्द केला म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोठून तरी भरून काढावाच लागतो. एक साधे उदाहरण घेऊ. एका वाडीत तीनच घरे आहेत अशी कल्पना करा. एक २० युनिट वापरते, दुसरे १०० आणि तिसरे ३००. प्रत्येकाकडून १२८ रुपये घेतले तर ३८४ रुपये जमतात. हीच रक्कम युनिटांवर वाटली तर ४२० युनिटांमागे प्रत्येकी सुमारे ९१ पैसे येतील. मग पहिले घर १८ रुपये देईल, दुसरे ९१ रुपये आणि तिसरे २७४ रुपये. जमा रक्कम तेवढीच राहिली. ओझे मात्र वेगळ्या खांद्यांवर गेले.

म्हणून ‘स्थिर आकार हवा की नको’ या वादापेक्षा ‘कोणता खर्च माणशी सारखा वाटावा आणि कोणता वापरानुसार’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. मीटर बसवणे, तो वाचणे, बिल तयार करून पोहोचवणे हे खर्च प्रत्येक घरामागे जवळपास सारखेच येतात. त्यांपुरती समान रक्कम घेणे समजण्यासारखे आहे. परंतु वीज केंद्रे, उपकेंद्रे आणि मोठी रोहित्रे यांचा आकार ठरतो तो संध्याकाळी सर्वांनी एकाच वेळी किती वीज ओढली यावर. एक दिवा आणि एक पंखा यांसाठी कोणी नवे उपकेंद्र उभारीत नाही. ते उभारावे लागते ते गिझर, वातानुकूलन यंत्रे आणि पाण्याचे पंप यांच्यासाठी. तो खर्च घरटी सारखा वाटणे म्हणजे ज्याने ओझे वाढवले नाही त्याला ते उचलायला लावणे होय. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स बॉनब्राइट यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सेवांच्या दरांवरील आपल्या ग्रंथात, वितरण जाळ्याचा सगळाच खर्च ग्राहकसंख्येवर टाकण्याच्या पद्धतीविषयी शंका उपस्थित केली होती. ही शंका आजही तितकीच समर्पक आहे.

दुसरी बाजूही पाहू या. कमी वापर म्हणजे गरिबी, असे समीकरण नेहमीच खरे नसते. समुद्रकिनारी असलेला धनिकाचा सुटीतील बंगला वर्षभर बंद राहतो. त्याचा वापरही अल्पच दिसतो. उलट एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्या गरीब कुटुंबाचा वापर दीडशे युनिटांच्या पुढे जाऊ शकतो. स्थिर आकार पूर्णपणे युनिटवर टाकला तर बंगलेवाल्याची बचत होईल आणि त्या कुटुंबाचे बिल वाढेल. वितरण कंपन्यांचा हा युक्तिवाद निराधार नाही.

अलीकडे यात सौर ऊर्जेची भर पडली आहे. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आरंभली. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. असे घर दिवसा आपली जादा वीज कंपनीकडे पाठवते आणि रात्री परत घेते. त्याच्या बिलातील निव्वळ युनिट शून्यावर येतात. परंतु रात्री त्याला तारा, रोहित्र आणि वीज केंद्र हे सारे लागतेच. सौर ऊर्जा स्वागतार्हच आहे. मात्र कागदावर त्या घराचे बिल आणि आजीबाईंचे बिल सारखेच दिसते: दोहोंकडे युनिट अगदी थोडी. पहिल्याकडून जाळ्याचा खर्च वसूल व्हावा म्हणून जेव्हा स्थिर आकार वाढवण्याची मागणी होते, तेव्हा तो वाढतो सर्वांसाठीच. छत नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पॅनेल बसवण्याची ऐपत नसलेल्या माणसाला ती वाढ टाळण्याचा कोणताही उपाय नसतो. पुढील काळात हाच प्रश्न तीव्र होणार आहे, असे आम्हांस वाटते.

इतरत्र काय केले गेले?

एकच रक्कम सर्वांना, हाच एकमेव मार्ग आहे असे नाही. आपल्या पालघर जिल्ह्याची सीमा ओलांडली की गुजरात लागतो. तेथील शासकीय वितरण कंपन्यांच्या २०२४-२५ मधील दरांत घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार जोडलेल्या भारानुसार चढता होता: दोन किलोवॅटपर्यंत दरमहा १५ रुपये, चार किलोवॅटपर्यंत २५, सहा किलोवॅटपर्यंत ४५ आणि त्यापुढे ७० रुपये. तेथे युनिटमागे इंधनाचा अधिभार वेगळा लागतो, त्यामुळे केवळ या आकड्यांवरून वीज तेथे स्वस्त असा निष्कर्ष काढू नये. पण लहान घरावर लहान स्थिर आकार हे तत्त्व तेथे दिसते.

दिल्लीचा अनुभव बोलका आहे. २०१८ मध्ये तेथील आयोगाने दोन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती जोडणीचा स्थिर आकार किलोवॅटमागे २० रुपयांवरून १२५ रुपयांवर नेला. त्याच वेळी युनिटचे दर कमी केले होते, परंतु अल्प वापर करणाऱ्यांना त्या कपातीचा लाभ मिळण्याइतकी त्यांची युनिटच नव्हती. तक्रारी वाढल्या. २०१९ मध्ये आयोगाने तो पुन्हा किलोवॅटमागे २० रुपयांवर आणला. लोकांनी बिल वाचले आणि योग्य ठिकाणी म्हणणे मांडले तर निर्णय बदलू शकतात, हा यातील धडा आहे.

ब्रिटनमध्ये या आकारास दैनंदिन स्वरूप आहे. वापर असो वा नसो, दिवसाला ठरावीक पेन्स. २०२१ नंतर अनेक वीज विक्रेत्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे सामावून घेण्याचा खर्चही या दैनंदिन आकारात मिळवला गेला. तेथील नियामकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जनतेचे मत मागवले, तेव्हा ३०,००० हून अधिक लोकांनी लिहून कळवले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मे २०२४ मध्ये निराळा मार्ग मंजूर झाला: मोठ्या खासगी कंपन्यांच्या ग्राहकांसाठी दरमहा सुमारे २४ डॉलर स्थिर आकार, पण अल्प उत्पन्न गटांतील नोंदणीकृत कुटुंबांसाठी सहा किंवा बारा डॉलर, आणि त्याबदल्यात युनिटचा दर कमी. तेथेही यावर एकमत नाही. परंतु स्थिर आकार माणसाच्या ऐपतीनुसार ठरवता येतो, हे त्यातून दिसून आले.

आपल्या हाती काय आहे?

तत्त्वाची चर्चा आवश्यक असली, तरी पुढील महिन्याचे बिल वाट पाहत नाही. म्हणून काही व्यवहारोपयोगी गोष्टी येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, बिलावर आपली जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज, हे पाहावे. थ्री फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो. पूर्वी घरात पिठाची गिरणी किंवा मोठा पंप होता म्हणून घेतलेली थ्री फेज जोडणी, ती यंत्रे गेल्यानंतरही तशीच राहिलेली अनेकदा आढळते. गरज उरली नसल्यास ती बदलून घेण्यासाठी अर्ज करावा.

दुसरी गोष्ट, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. तिचा स्थिर आकार आणि वीज आकार दोन्ही पुष्कळच कमी असतात. त्यासाठी मंजूर भार अत्यल्प असावा लागतो आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटांपर्यंत असावा लागतो. पात्र असूनही केवळ माहिती नसल्याने सर्वसाधारण वर्गवारीत राहिलेली कुटुंबे असू शकतात. धर्मग्रामात गरिबांच्या घरी नियमित भेट देणाऱ्या कार्यकर्त्यांनी औषधे आणि धान्य यांबरोबरच त्या घराचे वीज बिलही एकदा वाचून पाहावे, अशी आमची विनंती आहे. बिल भरण्यासाठी दोनशे रुपये देण्यापेक्षा वर्गवारी दुरुस्त करून देणे हे अधिक टिकाऊ साहाय्य ठरेल.

तिसरी गोष्ट बंद घरांची. घर वर्षानुवर्षे बंद राहणार असेल तर बिल न भरता पडू देणे हा उपाय नव्हे. स्थिर आकार साचत जातो, त्यावर व्याज लागते आणि थकबाकी पुढे वारसांच्या माथी येते. कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण बंद घराच्या दाराला लावलेली नोटीस वाचणार कोण? अशा वेळी दोनच मार्ग आहेत. घर अधूनमधून उघडणार असेल तर स्थिर आकार हे सज्जतेचे मोल मानून ते नियमितपणे, शक्य तर ऑनलाइन, भरत राहावे. घर दीर्घकाळ उघडणारच नसेल तर लेखी अर्ज करून जोडणी कायमस्वरूपी खंडित करून घ्यावी आणि अंतिम बिलाची पावती जपून ठेवावी. पुढे नवी जोडणी घेण्यास खर्च येतो, हे मात्र लक्षात घेऊन निर्णय करावा. भाडेकरू गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या खोलीच्या वेगळ्या मीटरलाही हेच लागू आहे.

चौथी गोष्ट तक्रारीची. वर्गवारी चुकली, वाचन न करताच सरासरी बिल आले, दोनदा आकारणी झाली, अशा चुकांसाठी प्रथम कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. मात्र स्थिर आकार स्वतःच जास्त आहे, ही तक्रार या ठिकाणी ऐकली जाणार नाही. तो दराचा भाग असून त्याविषयी निर्णय आयोगाचाच असतो.

तेव्हा पाचवी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की आयोगाचे दार सामान्य माणसाला उघडे आहे. कलम ६४ नुसार दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. त्यासाठी वकील लागत नाही. वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली की ठरलेल्या मुदतीत साध्या मराठीत पत्र लिहिता येते, सुनावणीत उभे राहून बोलता येते. मोठे उद्योग आणि व्यापारी संघटना या सुनावण्यांना तज्ज्ञ घेऊन येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातील औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांना स्थिर आकार भरण्यास तीन बिलांपुरती मुदत मिळाली होती; घरगुती ग्राहकांना ती नव्हती. ज्याचा आवाज आयोगापर्यंत पोहोचतो त्याची अडचण आधी दिसते, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

अशा पत्रात काय मागावे? स्थिर आकार रद्द करा, असे म्हणणे सोपे आहे; पण ते टिकणार नाही. त्याऐवजी तीन मागण्या करता येतील. एक, महिन्याला ३० ते ५० युनिटांच्या आत वापर असलेल्या आणि त्याच घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या ग्राहकासाठी स्थिर आकार मीटर आणि बिल यांच्या खर्चापुरताच ठेवावा. दोन, उरलेल्यांसाठी तो मंजूर भारानुसार चढता असावा, म्हणजे बंद बंगला आणि एक खोली यांना एकच माप लागणार नाही. तीन, दारिद्र्यरेषेखालील वर्गवारीसाठी पात्र ठरणारी घरे कंपनीने आपल्याच नोंदींवरून शोधून काढावीत. गरिबाने अर्ज करण्याची वाट पाहू नये. कलम ६५ नुसार शासनाने आगाऊ अनुदान दिल्यास कंपनीचे नुकसान न होता ही सवलत देता येते.

वीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्याचा अभ्यास, रुग्णाचा पंखा, वृद्धाच्या उशाशी असलेला फोन या साऱ्यांची ती गरज आहे. तिच्या सज्जतेचा खर्च कोणीतरी उचलावाच लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याने त्या व्यवस्थेवर सर्वांत कमी भार टाकला, त्याच्याकडून युनिटमागे सर्वांत अधिक मोल घेतले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. या महिन्याचे बिल आले की वाचकांनी रक्कम आणि तारीख यांच्या मधली ती ओळ वाचावी, आणि शेजारी एकटे राहणारे कोणी असेल तर त्यांचे बिलही वाचून दाखवावे.